एडगर ॲलन पो: डिटेक्टिव्ह गेम्सचं लॉजिक १८४१ मध्ये लिहिणारा माणूस

गेल्या काही वर्षांत स्टीमवर ‘कोझी’ या नावाखाली एक खास प्रकारचे इंडी गेम्स दिसायला लागले आहेत. लहानसं गाव, पिवळी-तांबडी पानं, हलका पाऊस, कुठेतरी कॉफीचं दुकान आणि या सगळ्यात एक रहस्य. ‘नाइट इन द वूड्स’ (२०१७) मध्ये कॉलेज सोडून घरी परतलेली एक मांजर ऐन पानगळीत आपल्या पडक्या गावात फिरते आणि हळूहळू एका गूढात अडकते. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) तितका उबदार नाही, पण डिटेक्टिव्ह गेम कसा असावा हे दाखवायला आजही त्याचंच उदाहरण दिलं जातं. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे पंखा फुल स्पीडवर आणि तरीही घाम, त्यामुळे या गेम्समधलं हवामान आपल्याला थोडं परकं वाटतं. रहस्य मात्र परकं वाटत नाही.

या सगळ्या गेम्सच्या आत एकच इंजिन चालतं. प्लेयरला पुरावे द्यायचे, त्यातले काही दिशाभूल करणारे ठेवायचे, उत्तर समोरच लपवायचं आणि निष्कर्ष मात्र प्लेयरलाच काढायला लावायचा. हे इंजिन ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याचं नाव एडगर ॲलन पो. बहुतेकांना तो भुताटकीच्या कथा आणि कावळ्याच्या कवितेमुळे माहीत असतो. इथे आपण त्याची दुसरी बाजू बघू: कोड फोडणारा, मशीनची चिरफाड करणारा आणि ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द रुळायच्या आधी डिटेक्टिव्ह घडवणारा पो.

पोचा जन्म १९ जानेवारी १८०९ रोजी बोस्टनमध्ये झाला. आईवडील दोघंही नाटकात काम करायचे. वडील लवकरच घर सोडून गेले आणि डिसेंबर १८११ मध्ये आई रिचमंडला वारली, तेव्हा पो तीन वर्षांचाही नव्हता. रिचमंडमधला व्यापारी जॉन ॲलन आणि त्याची बायको फ्रान्सिस यांनी त्याला घरी नेलं. ‘ॲलन’ हे मधलं नाव तिथून आलं, पण कायदेशीर दत्तकविधान कधीच झालं नाही. ही कागदावरची राहिलेली गोष्ट त्याला आयुष्यभर नडली. १८२६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात गेला, तिथे पैसे पुरले नाहीत, जुगारात कर्ज झालं, ॲलनने ते फेडायला नकार दिला आणि वर्षभरातच शिक्षण सुटलं. पुढे १८३४ मध्ये ॲलन वारला तेव्हा मृत्युपत्रात पोच्या नावावर एक डॉलरही नव्हता.

१८२७ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, त्याने वय बावीस सांगून आणि नाव बदलून अमेरिकन सैन्यात भरती घेतली. त्याच वर्षी त्याचं पहिलं कवितांचं पुस्तक निघालं, जेमतेम ५० प्रतींचं आणि त्यावर त्याचं नावसुद्धा नाही. सैन्यात तो तोफखान्यात होता. तोफगोळे तयार करण्याचं काम तिथे त्याच्याकडे आलं. एका ग्रॅमचा हिशेब चुकला तर स्वतःसकट सगळे उडतील असं ते काम. कवी म्हणून त्याची जी स्वप्नाळू प्रतिमा आहे तिच्यात हे बसत नाही, पण नोकरी त्याने चोख केली आणि सार्जंट मेजरपर्यंत चढला. त्यातला काही काळ दक्षिण कॅरोलिनातल्या सलिव्हन्स बेटावर गेला. ते बेट पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा. नंतर वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला, पण तिथे त्याने मुद्दामच ड्युटी चुकवल्या आणि १८३१ मध्ये कोर्ट मार्शल होऊन बाहेर पडला.

मग बाल्टिमोरमध्ये आत्या मारिया क्लेम हिच्या घरी आसरा. १८३३ मध्ये एका साप्ताहिकाच्या कथास्पर्धेत ५० डॉलरचं बक्षीस मिळालं आणि त्या ओळखीतून रिचमंडच्या ‘सदर्न लिटररी मेसेंजर’ या मासिकात नोकरी. १८३६ मध्ये त्याने आत्याच्या मुलीशी, व्हर्जिनियाशी लग्न केलं. तो २७ चा, ती १३ ची. चरित्रकार त्या काळाचा दाखला देतात, पण तेरा म्हणजे तेराच.

त्याच वर्षी, एप्रिल १८३६ च्या अंकात, त्याने एक लेख लिहिला. टेक्नॉलॉजी वाचणाऱ्या कुणीही तो चुकवू नये असं मला वाटतं. विषय होता ‘टर्क’. व्हिएन्नाच्या दरबारासाठी वोल्फगांग फॉन केम्पेलेनने १७७० च्या सुमारास बनवलेलं बुद्धिबळ खेळणारं यंत्र. मोठी लाकडी पेटी, तिच्यामागे तुर्की पोशाखातला पुतळा, तो हाताने सोंगट्या हलवायचा आणि बहुतेकांना हरवायचा. खेळाआधी पेटीची दारं उघडून आतली दातेरी चाकं दाखवली जायची. पोच्या काळात ते यंत्र योहान मेल्झेलकडे होतं आणि अमेरिकाभर त्याचे खेळ चालू होते.

आत माणूस आहे, हा संशय जुनाच होता. पोने तो शोध लावला असं म्हणणं बरोबर नाही. त्याची पद्धत मात्र नवी वाटते. आधी त्याने चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्राशी तुलना केली. गणितात एका पायरीवरून पुढची पायरी ठरलेली असते, त्यामुळे ते काम चाकांवर सोपवता येतं. बुद्धिबळात समोरचा काय चाल करेल ते ठरलेलं नसतं, मग आधीच बसवलेली चाकं उत्तर कसं देणार? नंतर तो निरीक्षणांकडे वळला. दारं नेहमी एकाच क्रमाने का उघडतात? यंत्र असेल तर चालीला लागणारा वेळ कमीजास्त का होतो? पुतळा डाव्या हाताने का खेळतो? आणि सगळ्यात भारी: मेल्झेलचा श्लुम्बर्जर नावाचा मदतनीस खेळाच्या वेळी कुणाला दिसत का नाही आणि तो रिचमंडमध्ये आजारी पडला तेव्हाच खेळ बंद का राहिले?

निष्कर्ष बरोबर होता, आत माणूसच होता. काही कारणं मात्र चुकली. खरं यंत्र असतं तर ते प्रत्येक डाव जिंकलंच असतं, असं पोचं म्हणणं. कच्चा चेस प्रोग्राम लिहून बघितलेल्या कुणालाही यावर हसू येईल. आतला माणूस पुतळ्याच्या छातीतून बाहेर बघतो, असंही त्याला वाटलं होतं. प्रत्यक्षात तो पेटीतच सरकत्या बैठकीवर बसायचा आणि मेणबत्तीच्या उजेडात लोहचुंबकांच्या खुणांवरून वरच्या चाली ओळखायचा. तरी दिसणाऱ्या आउटपुटवरून आतली रचना ओळखण्याची ही रीत आज आपण ब्लॅक बॉक्स टेस्टिंग म्हणून शिकतो. ॲमेझॉनने २००५ मध्ये माणसांकडून छोटी कामं करून घेणाऱ्या सेवेला ‘मेकॅनिकल टर्क’ हे नाव दिलं ते याच पेटीवरून.

१८३८ मध्ये पो कुटुंब फिलाडेल्फियाला आलं. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात सुपीक वर्षं हीच. डिसेंबर १८३९ मध्ये त्याने तिथल्या एका साप्ताहिकातून वाचकांना आव्हान दिलं: एका अक्षराऐवजी एक खूण असा कोणताही गुप्त मजकूर पाठवा, मी सोडवून दाखवतो. लोकांनी पाठवले आणि तो सोडवत गेला. एक मजकूर मात्र त्याने अर्थहीन, नुसती अक्षरं फेकलेला म्हणून फेटाळला. १९७० च्या दशकात एका अमेरिकन कॉलेजातल्या प्राध्यापकाने आणि विद्यार्थ्याने तो सोडवला. तो खरा होता, फक्त प्रकार वेगळा होता. एका किल्ली-शब्दानुसार दर अक्षराला वेगळा नियम लागत होता आणि वर छपाईच्या चुकाही होत्या. पोच्या आव्हानाच्या अटीत तो बसत नव्हता हे खरं, पण आपल्याला पॅटर्न दिसला नाही म्हणजे पॅटर्न नाहीच, असं ठरवायची घाई त्याने केली होती.

एप्रिल १८४१ मध्ये ‘ग्रॅहॅम्स मॅगझिन’मध्ये ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ छापून आली आणि सी. ऑग्युस्त द्युपँ हे पात्र जन्माला आलं. जागा पॅरिस, जिथे पो कधी गेलाच नव्हता. दोन बायकांचा खून, आतून बंद खोली, गोंधळलेले पोलीस. शेवट इथे सांगत नाही, वाचली नसेल तर वाचा. रचना मात्र बघण्यासारखी आहे. वर्तमानपत्रात छापलेल्या साक्षी पो जशाच्या तशा वाचकासमोर ठेवतो. जिन्यावरून ऐकू आलेल्या एका आवाजाबद्दल प्रत्येक साक्षीदार वेगळं सांगतो. इंग्रज म्हणतो तो जर्मन बोलत होता, स्पॅनिश माणूस म्हणतो इंग्रजी, इटालियन म्हणतो रशियन. आणि ज्याने जी भाषा सांगितली ती त्याला स्वतःला येत नाही! प्रत्येकाची साक्ष वेगळी वाचली तर निरुपयोगी. सगळ्या शेजारी ठेवल्या की क्लू तयार होतो.

आज कुठलाही चांगला डिटेक्टिव्ह गेम हेच करतो. ओब्रा डिनमध्ये जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते शोधायचं असतं. कुणाच्या बोलण्याचा लहेजा, कुणाचा पोशाख, कुणाच्या झोपायच्या जागेचा नंबर अशा सुट्या गोष्टी जोडूनच नाव ठरतं. उत्तरं तीन-तीनच्या गटात बरोबर आली तरच गेम ती मान्य करतो, म्हणजे तुक्का मारून पुढे जाता येत नाही. द्युपँचा मित्र, जो कथा सांगतो पण ज्याला नावच नाही, तोही गेममधल्या प्लेयरसारखाच आहे: सगळं बघतो, प्रश्न विचारतो, एक पाऊल मागे राहतो. १८८७ मध्ये कॉनन डॉयलने होम्सची पहिली कादंबरी प्रसिद्ध केली तेव्हा तिच्यातच द्युपँचा उल्लेख केला, आणि होम्सच्या तोंडून त्याला नावंही ठेवली. वॉटसन मात्र त्या निनावी मित्राचाच वारसदार.

पुढचा प्रयोग धोकादायक होता. जुलै १८४१ मध्ये न्यूयॉर्कच्या तंबाखूच्या दुकानात काम केलेल्या मेरी रॉजर्स या तरुणीचा मृतदेह हडसन नदीत सापडला. पोने तिला पॅरिसमधली मारी रोजे बनवलं आणि फक्त वर्तमानपत्रांच्या आधारावर द्युपँ ही खरी केस सोडवतो अशी कथा तीन हप्त्यांत लिहायला घेतली. दोन हप्ते होईपर्यंत न्यूयॉर्कमध्ये वेगळीच माहिती पुढे आली: मेरीचा मृत्यू बहुधा गर्भपाताच्या प्रयत्नात झाला असावा. पोने शेवटचा हप्ता लांबवला आणि १८४५ मध्ये पुस्तक छापताना मजकुरात जागोजागी छोटे बदल करून आपला अंदाज आधीपासूनच बरोबर होता असं भासवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर गुपचूप पॅच टाकला आणि चेंजलॉग लिहिला नाही. एका खऱ्या मुलीच्या मृत्यूचं कोडं करणं आणि वर हे, माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात खटकणारी गोष्ट.

‘द गोल्ड-बग’ (१८४३) मात्र मजेची आहे. सलिव्हन्स बेट, चाच्यांचा खजिना आणि एक गुप्त मजकूर. या कथेला १०० डॉलरचं बक्षीस मिळालं. लोकप्रियतेत ती त्याच्या बहुतेक कथांच्या पुढे गेली. यातलं डिकोडिंग तुम्ही आजही पेन्सिल घेऊन करू शकता. आधी कोणती खूण किती वेळा येते ते मोजायचं. ८ हा आकडा ३३ वेळा येतो. इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारं अक्षर ‘ई’, म्हणून ८ म्हणजे ई. मग ‘द’ हा शब्द शोधायचा, म्हणजे शेवटी ८ असलेला, पुन्हा पुन्हा येणारा तीन खुणांचा गट. ;४८ सात वेळा सापडतो. झालं, टी आणि एच मिळाले. तिथून एकेक अक्षर सुटत जातं.

यात एक गंमत आहे. कथेत अक्षरांचा जो उतरता क्रम दिलाय त्यात ‘टी’ चक्क दहावा आहे, आणि इंग्रजीत तो खरा दुसरा. म्हणजे पोची लुकअप टेबल चुकीची होती. पण त्याच्याच मजकुरात ‘टी’साठी असलेली खूण २६ वेळा, म्हणजे दुसऱ्या नंबरला येते. डेटा बरोबर, टेबल चूक, तरी उत्तर बरोबर, कारण पुढची प्रत्येक पायरी तो शब्दांवर तपासून घेतो.

हेच मराठीत करून बघायचं असेल तर आधी एक प्रश्न सोडवावा लागेल: मोजायचं काय? ‘का’ हे आपल्याला एक अक्षर वाटतं, पण युनिकोडमध्ये ते क आणि काना असे दोन कोडपॉइंट आहेत. ‘त्र’ तर त, हलन्त आणि र मिळून तीन. काने-मात्रे वेगळे मोजले तर एक यादी मिळेल, पूर्ण जोडाक्षरं मोजली तर दुसरीच. दहा-बारा ओळींच्या पायथन स्क्रिप्टमध्ये दोन्ही होतं, जरूर करा.

इतकं सगळं करूनही घरात पैसा नव्हता. पोला फक्त लिहून जगायचं होतं. त्या वेळी आंतरराष्ट्रीय कॉपीराइटच नव्हता, त्यामुळे अमेरिकन प्रकाशक इंग्लंडमधली पुस्तकं फुकटात छापायचे. इथल्या लेखकाला पैसे देऊन कोण छापणार? ‘ग्रॅहॅम्स’मध्ये संपादक म्हणून त्याला वर्षाला ८०० डॉलर मिळायचे. मासिकाचा खप वाढला, त्याचा पगार नाही. स्वतःचं मासिक काढायचं, त्यात कुणाची ढवळाढवळ नको, हे त्याचं स्वप्न होतं. आधी ‘पेन’, नंतर ‘स्टायलस’ अशी नावं ठरली, जाहिराती निघाल्या, अंक निघालाच नाही. जानेवारी १८४५ मध्ये ‘द रेव्हन’ छापून आली आणि तो रातोरात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उधारीवर ‘ब्रॉडवे जर्नल’ची पूर्ण मालकी मिळवली, आणि जानेवारी १८४६ मध्ये ते बंद पडलं. कुणा पब्लिशरच्या दारात उभं राहायचं नाही म्हणून स्वतःचा स्टुडिओ काढणारे आणि पहिल्याच गेमनंतर कुलूप लावणारे इंडी डेव्हलपर्स पाहिले की मला हा माणूस आठवतो.

जानेवारी १८४२ मध्ये गाताना व्हर्जिनियाच्या तोंडातून रक्त आलं. क्षय. तेव्हा औषध नव्हतं. पाच वर्षं ती थोडी सावरायची, पुन्हा ढासळायची आणि पोचं पिणं त्याच लाटांवर वरखाली व्हायचं. ३० जानेवारी १८४७ रोजी न्यूयॉर्कजवळ फोर्डममधल्या छोट्याशा घरात ती गेली, अवघ्या २४ व्या वर्षी. रू मॉर्ग सोडून द्युपँच्या बाकी दोन्ही कथा आणि गोल्ड-बग या आजारपणाच्या काळातल्या आहेत.

आता शेवट, आणि तो खरंच त्याच्या कथांमधल्यासारखा आहे. १८४९ च्या उन्हाळ्यात पो रिचमंडला होता, दारू सोडायची शपथ घेतली होती, लहानपणीच्या मैत्रिणीशी पुन्हा लग्न ठरत होतं. २७ सप्टेंबरला तो बोटीने उत्तरेकडे निघाला. पुढचे काही दिवस कोरे आहेत. ३ ऑक्टोबरला तो बाल्टिमोरमध्ये एका दारूच्या गुत्त्यापाशी सापडला. शुद्ध धड नव्हती आणि अंगावरचे कपडे त्याचे वाटत नव्हते. तो दिवस निवडणुकीचा होता आणि तो गुत्ता मतदान केंद्र होता. चार दिवसांनी, ७ ऑक्टोबरला पहाटे, इस्पितळात त्याचा मृत्यू झाला. वय ४०.

क्लू आहेत, केस बंद होत नाही. त्या काळी निवडणुकीत माणसं पकडून, दारू पाजून, कपडे बदलून त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा मतदान करून घ्यायची टोळ्यांची पद्धत होती. कपडे आणि तारीख दोन्ही तिकडे बोट दाखवतात. दारू, मेंदूचा आजार, रेबीज असेही अंदाज झाले. मृत्यूचा दाखला उपलब्ध नाही. मुख्य साक्षीदार दोन. त्याला इस्पितळात पाठवणारा डॉ. स्नॉडग्रास दारूबंदीचा कट्टर प्रचारक, त्याला दारूच दोषी ठरवायची होती. इस्पितळातला डॉ. मोरन आपली हकिगत दर काही वर्षांनी बदलत गेला. रू मॉर्गच्या जिन्यावरचे साक्षीदार आठवा.

मेल्यावरही सुटका नव्हती. दोनच दिवसांनी रूफस ग्रिसवोल्ड या प्रतिस्पर्ध्याने टोपणनावाने विखारी मृत्युलेख लिहिला. पोच्या लेखनाचे हक्क सांभाळायचं कामही त्याच्याकडेच आलं. १८५० च्या चरित्रात त्याने पोची पत्रं फेरफार करून छापली. वेडा, व्यसनी, कृतघ्न पो ही प्रतिमा बरीचशी या बनावट पुराव्यांवर उभी आहे. मूळ पत्रं शेजारी ठेवून हे फेरफार पद्धतशीरपणे उघडे पडायला १९४१ साल उजाडलं. १८७५ मध्ये बाल्टिमोरमध्ये त्याच्या कबरीवर स्मारक झालं, त्यावर जन्मतारीखसुद्धा एका दिवसाने चुकली.

त्याने पेरलेलं मात्र भलत्याच ठिकाणी उगवलं. लहानपणी ‘द गोल्ड-बग’ वाचून विल्यम फ्रीडमनला कोडचं वेड लागलं आणि १९४० मध्ये त्याच्याच अमेरिकन पथकाने जपानचा ‘पर्पल’ सायफर फोडला. जपानमध्ये एका रहस्यकथाकाराने एडोगावा राम्पो हे टोपणनाव घेतलं. भराभर उच्चारून बघा, एडगर ॲलन पो ऐकू येईल. ‘डिटेक्टिव्ह कोनान’ बघणाऱ्यांना त्यातल्या छोट्या कोनानचं आडनाव एडोगावा का, ते आता कळलं असेल.

आणि एक कोडं तर त्याच्या मागे दीडशे वर्षं चालू राहिलं. १८४१ मध्ये त्याने डब्ल्यू. बी. टायलर नावाच्या वाचकाकडून आलेले दोन गुप्त मजकूर ‘ग्रॅहॅम्स’मध्ये छापले आणि ते न सोडवताच ठेवून दिले. टायलर म्हणजे स्वतः पोच असावा आणि आत त्याचा काहीतरी निरोप असावा, अशी अभ्यासकांना शंका. पहिला १९९२ मध्ये सुटला, त्यात एका जुन्या इंग्रजी नाटकातला उतारा निघाला. दुसरा जास्त अवघड, कारण एकेका अक्षरासाठी अनेक वेगवेगळ्या खुणा होत्या आणि छपाईच्या चुकांचा खच. २००० मध्ये टोरांटोच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरने कॉम्प्युटरच्या मदतीने तो फोडला. आत पोचा निरोप वगैरे काही नव्हता. वसंत ऋतूतल्या एका उकाड्याच्या दुपारचं, अगदी साधं वर्णन होतं.